दोर कुठल्या टोकाला धरलाय?

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण लागते. होडी दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन निघते, जाळं सोडत सोडत पाण्यात मोठं अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं उभी राहतात आणि ओढ सुरू होते. समोर सिंधुदुर्ग किल्ला, पाठीमागे माड, मध्ये ओढणारे, पाट्या घेऊन टेकलेल्या बायका, वर घिरट्या घालणाऱ्या घारी आणि हल्ली मोबाइल उंच धरलेले पाहुणे.

समजा, या सकाळची गोष्ट लिहायची आहे. नव्यानं लिहिणारे बहुतेक जण कथानकापासून सुरुवात करतात. मासळी मिळाली की नाही, भांडण झालं का, कुणी बुडालं का. मी त्यांना आधी वहीच्या कोपऱ्यात एवढंच लिहायला सांगतो: हे कोण बघतंय? तो माणूस कुठे उभा आहे, त्याला काय हवंय, आणि कुठली गोष्ट त्याला तिथून दिसूच शकत नाही? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. दृष्टिकोन म्हटलं की आपण दिसणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसतो, पण कथा बऱ्याचदा न दिसणाऱ्या गोष्टींवर उभी राहते.

तीच सकाळ तिघांकडून ऐकू.

दाजी: दोर ढिला पडला. पलीकडची माणसं दमली होती, नाहीतर गजाली मारत होती. दाजीनं टाचा वाळूत रुतवल्या. वारा अजून मतलईच होता. तो फिरायच्या आत जाळं किनाऱ्याला लागलं तर बरं. काल सगळे मिळून चार टोपल्या पेडवे. त्यात वाटे किती पडणार आणि घरी काय नेणार?

पाहुणा: समोर निळाशार समुद्र होता. कोळी बांधव एका लयीत जाळं ओढत होते. आम्हीही हात लावला, मस्त वाटलं. एवढ्या खटाटोपानंतर जाळ्यातून निघाले काय, तर बोटाएवढे चंदेरी मासे. ‘सुरमई नाही का?’ मी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

सुलभा: जाळ्याकडे तिनं बघितलंच नाही. तिनं माणसं मोजली. हॉटेलवाला एक, टेम्पोवाले दोन, आणि ती कुडाळची, जी लिलावात कधीच मागे हटत नाही. आज भाव चढणार. कमरेच्या पिशवीतल्या नोटा तिनं न काढताच बोटांनी चाचपल्या.

प्रसंग तोच, जाळंही तेच. पाहुण्याला पेडवे दिसले, पण त्याच्याकडे तो शब्द नाही, म्हणून ते ‘बोटाएवढे चंदेरी मासे’ झाले. सुरमईला इथे इसवण म्हणतात हेही त्याला माहीत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरचे बहुतेक मच्छीमार गाबीत आहेत. पाहुणा मुंबईत शिकलेल्या शब्दानं सगळ्यांना ‘कोळी बांधव’ करून टाकतो. ही चूक लेखकाची असेल तर लाजिरवाणी आहे. पाहुण्याच्या तोंडी असेल तर नेमकी आहे, कारण एका शब्दात कळतं की हा माणूस इथला नाही आणि त्याला ते उमगलेलंही नाही. दाजीच्या परिच्छेदात समुद्राचा रंग नाही, हेही बघा. जो रोज पाण्यात उतरतो त्याला वारा आणि सुकती-भरती लागते, रंग नाही. आणि सुलभेला तर पाणीही नाही. तिची सगळी सकाळ माणसांच्या चेहऱ्यांवर चालली आहे.

तेव्हा वर्णन लिहिताना ‘किती सुंदर लिहिलं’ याआधी ‘हे या माणसाला दिसेल का’ असं विचारावं. कथास्पर्धांसाठी आलेल्या कथा वाचताना मला सर्वांत जास्त अडखळायला लावणारी वाक्यं सुंदरच असतात. शेतमजूर बाई सूर्यास्ताकडे बघून ‘केशरी रंगांची उधळण’ अनुभवते, तेव्हा ती बाई पानावरून निघून गेलेली असते आणि तिच्या जागी पदवीधर लेखक येऊन उभा राहिलेला असतो.

आपल्या भाषेत दृष्टिकोन दाखवायला मोठी वर्णनं लागत नाहीत, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. क्रियापदच ते काम करतं. ‘होडी आली’ म्हटलं की सांगणारा किनाऱ्यावर आहे. ‘होडी किनाऱ्याला गेली’ म्हटलं की तो पाण्यात तरी आहे किंवा किल्ल्याच्या तटावर तरी. एकाच परिच्छेदात ‘दाजी घरी आला’ आणि दोन ओळींनी ‘सुलभा घरी गेली’ असं लिहिलंत, तर वाचकाला नक्की कुठे बसवलंय हे कळेनासं होतं. तो तक्रार करत नाही, फक्त त्याचं लक्ष सुटतं. स्वतःच्या कथेतलं येणं-जाणं एकदा पेन्सिलनं अधोरेखित करून बघा. निम्मे घोळ तिथेच सापडतात.

दुसरी सोय ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. मराठीत हे दोन वेगळे ‘आम्ही’ आहेत, एक ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा आणि दुसरा त्याला आत घेणारा. रापण संपल्यावर दाजी पाहुण्याला सांगतो, ‘आम्ही ओढली.’ पाहुणा दाजीला म्हणतो, ‘आपण ओढली!’ या दोन सर्वनामांमध्ये एक अख्खी कथा आहे, आणि त्यावर एक शब्दही भाष्य करायची गरज नाही.

मग ‘म्हणे’. ‘काल रापणीला मोरी लागली’ आणि ‘काल म्हणे रापणीला मोरी लागली’. दुसऱ्या वाक्यातला माणूस तिथे नव्हता, आणि कदाचित त्याचा विश्वासही नाही. एका शब्दानं सांगणाऱ्याचं अंतर, त्याची माहिती आणि त्याचा अविश्वास, तिन्ही कळतात. ‘कुणास ठाऊक’, ‘बहुतेक’, ‘असणार’ हे शब्दही असेच. तृतीयपुरुषी कथेत ‘पलीकडची माणसं दमली असणार’ असं लिहिलं की आपण दाजीच्या डोक्यात आहोत. ‘पलीकडची माणसं दमली होती’ म्हटलं की निवेदकाला सगळं ठाऊक आहे. वर मी दाजीच्या परिच्छेदात ‘दमली होती, नाहीतर गजाली मारत होती’ असं लिहिलं. त्यातला ‘नाहीतर’ काढला तर दृष्टिकोन दाजीचा राहत नाही, आणि ‘गजाली’च्या जागी ‘गप्पा’ लिहिलं तर अर्धा दाजी जातो.

आदरार्थी रूपंही तपासा. ‘आजोबा आले’ हे नातवाचं वाक्य, ‘म्हातारा आला’ हे सावकाराचं. पण मालवणीत लाडका नातूही ‘आजो इलो’ असंच म्हणतो आणि त्यात अनादर नसतो. पुण्यात वाढलेल्या नातवाच्या कानाला ते सुरुवातीला टोचेल. त्या टोचण्यावर गोष्ट लिहिता येईल. तेव्हा निवेदक कोण हे ठरल्याशिवाय आजोबांचं क्रियापदसुद्धा लिहिता येत नाही.

आता निवेदनाच्या प्रकारांकडे येऊ. पाठ्यपुस्तकात ते प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी असे शिकवतात, आणि परीक्षेपुरतं ते ठीक आहे. लिहिणाऱ्यानं मात्र आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याशी नातं असलेली पुस्तकं उघडून बघावीत. इथे हा विषय फार आधीपासून पिकतो आहे.

वि. स. खांडेकर 1920 ते 1938 अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्यांची ‘ययाति’ त्यानंतर बरीच उशिरा, 1959 मध्ये आली, आणि 1974 चं ज्ञानपीठ मराठीला पहिल्यांदा मिळालं ते खांडेकरांना. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापल्या तोंडानं ‘मी’ म्हणून बोलतात. देवयानीच्या प्रकरणातली शर्मिष्ठा वेगळी आणि शर्मिष्ठेच्या प्रकरणातली देवयानी वेगळी. खरं कोण, हे लेखक वर बसून सांगत नाही. आणि कादंबरीतला सर्वांत शांत, सर्वांत समजूतदार माणूस कच. त्याला खांडेकरांनी निवेदक केलं नाही. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय. ज्याला सगळं उमगलंय त्याच्या हाती गोष्ट दिली की गोष्ट संपते आणि प्रवचन सुरू होतं. आंधळेपण असलेली माणसं निवेदक म्हणून जास्त कामाची.

पण ‘ययाति’तून एक सावधगिरीही शिकावी. तिघांचे दृष्टिकोन वेगळे आहेत, भाषा मात्र बरीचशी एकच आहे, खांडेकरांची, उपमांनी जडवलेली. प्रकरणावरचं नाव झाकून मधलंच पान वाचलं तर बोलणारा कोण हे मजकुरावरून कळतं, आवाजावरून दर वेळी कळतंच असं नाही. त्या काळाच्या वाचकानं ते आनंदानं स्वीकारलं. आज तुम्ही तीन निवेदक घेणार असाल तर नाव झाकून बघण्याची ही परीक्षा स्वतःच्या पानांना जरूर लावा. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्येही (1967) कर्णासोबत कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. जपानी लेखक अकुतागावानं 1922 मध्ये एका खुनाची कहाणी वेगवेगळ्या साक्षींतून, अगदी मेलेल्या माणसाच्याही साक्षीतून सांगितली. त्यावरून कुरोसावानं 1950 मध्ये ‘राशोमोन’ काढला. मालवणात कुठल्याही जमिनीच्या वाटणीवरून झालेलं भांडण दोन्ही भावांकडून ऐकून घ्या. राशोमोन बघायला मुंबईला जायला नको.

लहान मुलाला निवेदक करावं असं प्रत्येक नवशिक्याला कधी ना कधी वाटतं. त्यासाठी चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘चानी’ वाचा. तेंडोलीत 1930 मध्ये जन्मलेले, ‘आरती प्रभू’ नावानं कविता लिहिणारे खानोलकर. ‘चानी’ आपल्याला दिनू या लहान मुलाच्या डोळ्यांतून दिसते. गोऱ्या बापाची, गावानं वाळीत टाकलेली मुलगी, आणि गावातल्या मोठ्यांना तिच्याबद्दल जे वाटतं त्यातलं बरंचसं त्या मुलाला कळत नाही. वाचकाला कळतं. मुलाच्या नजरेचा फायदा हाच आहे की त्याला दिसतं जास्त आणि अर्थ लागतो कमी. नवशिके नेमकं उलटं करतात. त्यांची आठ वर्षांची मुलगी ‘समाजाच्या दांभिकतेकडे’ बघते. आठ वर्षांच्या मुलीनं दांभिकता बघू नये. काकीनं तिच्यासाठी वेगळा ठेवलेला कप तिनं बघावा आणि तो कप आवडला म्हणून खूश व्हावं.

तिसरे आरवलीचे जयवंत दळवी. ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये सांगणारा ‘मी’ आहे, पण गोष्ट त्याची नाही, गावाची आहे. हा साक्षीदार निवेदक. गावातल्या दहा तऱ्हेवाईक माणसांची गोष्ट तुम्हाला लिहायची असेल तर हा प्रकार फार सोयीचा, फक्त एक अट पाळावी लागते. साक्षीदार प्रत्येक ठिकाणी हजर असायला हवा, नाहीतर त्याला ती हकिगत कुणी सांगितली हे कळायला हवं. बंद खोलीतलं नवरा-बायकोचं बोलणं शेजारच्या पोराला शब्दशः कसं ठाऊक? इथेच ‘म्हणे’ मदतीला येतो. आणि याच दळव्यांनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ नावानं सदर लिहिलं. मराठी लेखकांच्या टोप्या उडवणारा ठणठणपाळ म्हणजे दळवी नव्हेत, ते दळव्यांनी उभं केलेलं पात्र होतं. निवेदक आणि लेखक वेगळे असतात, ही गोष्ट व्याख्या पाठ करून कळत नाही. ठणठणपाळाची दहा पानं आणि दळव्यांच्याच एखाद्या कादंबरीची दहा पानं लागोपाठ वाचली की कळते.

प्रथमपुरुषी लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. ‘मी माझ्या घाऱ्या डोळ्यांनी समुद्राकडे बघितलं’ असं वाक्य लिहू नका. स्वतःचे डोळे कुणाला दिसत नाहीत. आरशासमोर उभं करण्याची युक्तीही आता जुनी झाली. घारे डोळे फारच गरजेचे असतील तर बाजारात एखादी बाई म्हणू दे, ‘डोळे बापाशीचे घेतलंस गो.’ डोळेही आले आणि बापही आला.

सर्वसाक्षी निवेदक वाईट नसतो. आपल्या आजीच्या सगळ्या गोष्टींचा निवेदक तोच होता. त्याला राजाच्या मनातलंही ठाऊक आणि झाडावरच्या भुताच्या मनातलंही. अडचण येते ती अर्धवट सर्वसाक्षीपणामुळे. नऊ पानं दाजीच्या डोक्यात राहायचं आणि दहाव्या पानावर एकाच वाक्यापुरतं ‘सुलभेला मात्र आतून हसू येत होतं’ असं लिहायचं. ते एक वाक्य रस्त्यातल्या खड्ड्यासारखं लागतं. दाजीला दिसेल तेवढंच लिहा, म्हणजे सुलभेनं पदर तोंडाशी धरला होता. हसू लपवायला की वासानं, हे दाजीला ठरवू दे, आणि चुकीचं ठरवू दे.

बोलीचा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. संवाद मालवणीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी वहिवाट आहे. तृतीयपुरुषी कथेत ती चालते. पण रापणीतला माणूस ‘मी’ म्हणून बोलत असेल आणि अवतरणचिन्हांबाहेर शुद्ध पुस्तकी मराठी, अवतरणचिन्हांत ‘माका ठावक नाय’ असं असेल, तर तो माणूस स्वतःचंच भाषांतर करत बसल्यासारखा वाटतो. उपाय दोन. पूर्ण निवेदन मालवणीत करा, वाचक तीन पानांत रुळतो. नाहीतर तृतीयपुरुष घ्या आणि निवेदनातच त्याचे शब्द मिसळा: दर्या, सुकती, गजाल, झील, आवस. ‘असं त्याला वाटलं’ हे शेपूट प्रत्येक विचाराला लावू नका. ‘आता झील कसला शिकतोय. एकदा मुंबईला गेला की पत्रसुद्धा नाय.’ एवढं लिहिलं की हे दाजीच्या मनातलं आहे हे वाचक ओळखतो.

पात्राच्या बाजूनं विचार कसा करायचा, हे शिकायचं असेल तर जत्रेत रात्रभर दशावतार बघा. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर उभा राहून स्वतः जुळवतो. त्यामुळे राक्षस करणाऱ्यालाही आपली बाजू स्वतःच शोधावी लागते. तो येतो, आरोळी ठोकतो आणि आपण कोण, आपला अपमान कुठे झाला, देवांनी काय कपट केलं, हे असं ठासून सांगतो की पहाटे तीनला पेंगणारा माणूसही मान डोलावतो. राक्षस स्वतःला राक्षस समजत नाही. तुमच्या कथेतल्या सावकारानं, सासूनं, दलालानंही समजू नये. कथा अडली की खलपात्राला एक पान द्या, प्रथमपुरुषात, अडवणारं कुणी नाही असं समजून. ते पान कथेत जाणार नाही, पण पुढच्या प्रत्येक प्रसंगात ते पात्र वेगळं बोलायला लागेल.

हे सांगितलं की आमच्याकडचे तरुण लगेच पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्यांनी होणाऱ्या मासेमारीवर येतात, आणि ते बरोबरच आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा झगडा इथे वर्षानुवर्षं चालू आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारनं पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तरी तो मिटलेला नाही. यावर आलेल्या जवळजवळ सगळ्या कथा रापणकराच्या बाजूनं असतात. माझीही सहानुभूती तिकडेच आहे. पण त्या कथा पहिल्या पानावरच कुठे जाणार हे कळतं. त्यापेक्षा पर्ससीनच्या नौकेवर पगारावर राबणारा नेपाळी खलाशी घ्या. त्याला समुद्र चार-दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हता, भांडण कुणाचं हे त्याला नीट कळत नाही, किनाऱ्यावरून आलेली शिवी समजते आणि फोनवर घरी काय सांगायचं ते सुचत नाही. त्याला निवेदक करा, किंवा तृतीयपुरुषात त्याच्या खांद्यावर बसा. दाजी त्या कथेत लांबवर, हात हलवणारा एक ठिपका म्हणून दिसेल.

द्वितीयपुरुषी निवेदन, म्हणजे ‘तू’ला उद्देशून सांगितलेली कथा, हे काहींना पाश्चात्त्य खूळ वाटतं. त्यांनी गाऱ्हाणं आठवावं. गावकार देवासमोर उभा राहून देवालाच सगळं सांगतो. तुझ्या या लेकरानं असं केलं, तुझ्या गावात असं झालं, आता तूच बघ. मागून सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सांगणारा एक, ऐकणारा बोलत नाही, आणि होकार देणारे अनेक. मुंबईहून गणपतीला न आलेल्या मुलाला उद्देशून बापानं घातलेलं गाऱ्हाणं, अशी कथा कुणीतरी लिहावी. मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या पानावर रडगाणं झालं.

लिहून झाल्यावर काय करायचं, तेही सांगतो. कथेतला मधला एक प्रसंग घ्या आणि तो दुसऱ्या पात्राकडून, कागद न बघता, पुन्हा लिहा. दोन्ही पानं शेजारी ठेवा. दुसऱ्या पानावर तुम्हाला ठाऊक नसलेलं काही निघालं, तर निवेदक बदलायचा विचार करा. काहीच निघालं नाही, तर ते पात्र अजून पात्र झालेलं नाही, फक्त नाव आहे. नंतर ती कथा अशा माणसाला वाचून दाखवा जो तुमच्या निवेदकाच्या जागी खरंच उभा राहिला आहे. साहित्यातल्या मित्राला नंतर दाखवलीत तरी चालेल.

माझी पहिली रापणीची कथा मी एका म्हाताऱ्या रापणकराला वाचून दाखवली होती. प्रथमपुरुषात होती. तिच्यात पहाट होती, एकटेपणा होता, किल्ल्यावर पडलेलं ऊन होतं आणि शेवटी जाळं वर येताना डोळ्यांत पाणी होतं. त्यानं विडी विझेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘सगळा बरा लिवलंस. पण वाटो कितको पडलो, ता नाय लिवलंस.’